तुलाम्बेनची लिबर्टी: पहिल्या शिपरेकसाठी (बुडालेल्या जहाजावरच्या स्कूबा डाइव्हसाठी) इथेच जा

बालीला जाणारे आपले बहुतेक लोक कुटा आणि उबुद करून परत येतात, आम्ही यावेळी मुद्दाम दोन रात्री ईशान्येला तुलाम्बेनला ठेवल्या, एअरपोर्टपासून गाडीने जवळपास तीन तास, आणि कारण एकच, लिबर्टी. किनाऱ्यावरून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ साधारण १२० मीटर लांबीचं मालवाहू जहाज पाण्याखाली आडवं पडलंय. वरचा भाग जेमतेम ५ मीटरवर, खालचा ३० मीटरपर्यंत. बोट लागत नाही, चालत पाण्यात शिरायचं. माझा ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, नुकताच झालेला, त्यात १८ मीटरची मर्यादा, आणि तेवढ्यातच एवढं बघायला आहे की खाली जायची हावच होत नाही.

हे जहाज इतकं उथळ कसं, तर अमेरिकन लष्कराच्या या जहाजाला ११ जानेवारी १९४२ ला लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, ओढत सिंगराजाला नेत होते पण पाणी भरत गेलं म्हणून तुलाम्बेनच्या किनाऱ्यावरच चढवलं. २१ वर्षं ते तसंच काठावर होतं. मग १९६३ ला आगुंग ज्वालामुखी फुटला, त्या हादऱ्यांनी ते घसरून समुद्रात गेलं. खालची काळी वाळू त्याच ज्वालामुखीची, वर बघितलं तर आगुंग समोरच उभा असतो.

आता अवघड काय ते सांगते, दगड. किनाऱ्यावर वाळू नाहीच, नारळाएवढे गोल गुळगुळीत दगड, पाठीवर टँक (श्वासाच्या हवेचं सिलिंडर) घेऊन त्यावर पाय ठेवला की सरकतात. जाड तळव्याचे बूट घालाच, आणि ते आपल्या मापाचेच आहेत ना हे आदल्या दिवशी घालून बघा. लाट परतताना ते सगळे दगड खळखळत खाली ओढले जातात, तो आवाज पाण्याखाली गेल्यावरही येत राहतो. गाइडचा हात धरून कमरेएवढ्या पाण्यात जायचं आणि मगच फिन्स (पायातले पोहायचे पंखे) चढवायचे. टँक किनाऱ्यापर्यंत गावातल्या बायका डोक्यावरून आणतात, एकेका खेपेला दोन दोन, मला एक उचलताना नाकी नऊ आले होते. त्यांना बक्षीस द्या, हात आखडू नका.

पहिल्या दिवशी ज्या डायव्हिंगच्या दुकानातून गेलो तिथे पाच जणांना एकच गाइड होता. पाण्याच्या दाबाने माझा उजवा कान दडा बसला, उघडत नव्हता, मी ४ मीटरवरच अडकले आणि गाइड पुढे निघून गेला, नवरा थांबला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी दुकान बदललं, दोघांना एक गाइड, पैसे थोडे जास्त गेले पण तीच डाइव्ह किती वेगळी झाली! बुकिंग करताना बाकी काही नाही विचारलं तरी चालेल, एका गाइडमागे किती जण हे विचाराच.

आणि पहाटे जा. सहाला आम्ही पाण्यात होतो, नऊनंतर दक्षिणेकडून गाड्या भरून डायव्हर येतात. पहाटे कपाळावर टेंगूळ असलेले मोठाले बंपहेड पॅरटफिश कळपाने दिसतात, ते पोवळं चावतात त्याचा कडकड आवाज स्पष्ट ऐकू येतो. जहाजाचा पत्रा म्हणून जे दिसतं त्याच्या इंचन्इंचावर मऊ पोवळी आणि समुद्रपंखे (पंख्यासारखी पसरलेली पोवळी), लोखंड शोधावं लागतं. पाणी इतकं उबदार की ३ मिलिमीटरचा सूट पुरला. आत शिरायचा मोह होतो, भोकं मोठी आहेत आणि उजेडही येतो, पण नवीन असाल तर बाहेरूनच बघा. कशालाही हात लावू नका प्लीज, माझ्या समोर एकाची फिन लागून समुद्रपंख्याची फांदी तुटली, फार वाईट वाटलं.

खायला शाकाहारी मिळतं, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि गाडोगाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या), फक्त अंडं नको हे आधी सांगायचं. माझ्याकडून जहाजाला पैकीच्या पैकी. विमान मात्र लगेच पकडू नका, शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास जाऊ द्या, आम्ही त्यासाठीच उबुद शेवटी ठेवलं होतं.