वॉटर-कूल्ड पीसी बनवून घेताय? आधी ग्राफिक्स कार्डाचा सिरियल नंबर मागा

आधी हिशोब. तो शंभरावर मांडते, म्हणजे तुमचं बजेट कितीही असो, लगेच ताडून बघता येईल. ठरलेल्या शंभर रुपयांतले ६० ऑर्डर देताना गेले. ‘सगळे पार्ट आले’ असे फोटो आल्यावर ३० गेले. मशीन निघण्याआधी उरलेले १०. वर लीक टेस्ट आणि पॅकिंगच्या नावाखाली आणखी ३. एकूण १०३ दिले, आणि त्यातले ३८ एकट्या ग्राफिक्स कार्डाचे होते. ते कार्ड मला मिळालंच नाही. त्याच्या जागी आधीच्या पिढीचं, कुणीतरी पुरतं वापरून टाकलेलं कार्ड वॉटर ब्लॉकखाली, म्हणजे चिप गार ठेवायला पाणी फिरवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखाली, दडवून माझ्या गळ्यात मारलं.

बिल्डरचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार चालू आहे. पद्धत मात्र सगळी सांगते.

आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. इथे मशीन येतं, चालू होतं, दिसतंही देखणं. म्हणूनच चोरी लक्षात यायला वेळ लागतो, आणि तोवर पैसे परत मागायची मुदत संपलेली असते.

मी काही डोळे मिटून ऑर्डर दिली नव्हती. माझं काम थ्रीडी आणि व्हिडिओ एडिटिंगचं, रात्री गेमिंग. आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड आणि रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर अशी जोडी ठरवली होती. कार्ड ४५० वॅटचं, प्रोसेसर पूर्ण जोरात २३० वॅटपर्यंत जाणारा, म्हणजे ६८० वॅट उष्णता बाहेर काढायची. दर १२० मिमी रेडिएटरला (पाण्यातली उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला) साधारण १०० वॅट हा अंदाज धरून दोन ३६० चे आणि एक २४० चा असे तीन रेडिएटर मीच लिहून दिले. तिन्ही तांब्या-पितळेचे, असं स्पष्ट लिहिलं होतं. डी५ जातीचा पंप, कूलंटच्या (आत फिरणाऱ्या पाण्याच्या) तापमानाचा सेन्सर, खाली पाणी काढायला ड्रेन व्हॉल्व्ह, सगळं यादीत होतं. तेव्हा ‘अभ्यास करायला हवा होता’ असं कुणी सांगायला येऊ नका. अभ्यास होता. समोरचा माणूस खोटारडा होता.

वॉटर कूलिंगमध्ये फसवणं सोपं का जातं, ते समजून घ्या. कार्डावर ब्लॉक बसवायचा तर कंपनीचा पंखेवाला कूलर आणि बहुतेक वेळा मागची प्लेटही काढावी लागते. कार्डाचं नाव, मॉडेल, सिरियल नंबरचं स्टिकर, सगळं बहुधा त्याच भागांवर असतं. ते निघाले की उरते एक सर्किटची पाटी आणि त्यावर चकचकीत निकेलचा ठोकळा. वरवर बघून कोणतं कार्ड आहे ते चटकन सांगता येत नाही. त्यात आधीच्या पिढीचं ३०९० आणि ४०९० दोन्हींवर मेमरी २४ जीबीच. आकडा बघून समाधान मानणारा गिऱ्हाईक इथेच अडकतो. म्हणून काढलेला मूळ कूलर आणि खोकं ताब्यात मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. ‘गोदामात आहे, नंतर पाठवतो’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

आता तो फोटो. ३० चा हप्ता मागताना त्याने जे फोटो पाठवले, त्यातला एक मी अजूनही उघडून बघते आणि अंगाचा तिळपापड होतो. केसची काच काढलेली, पांढऱ्या वेणीच्या केबल सरळ रेषेत बसवलेल्या, आणि कार्डाच्या कडेत शेजारी शेजारी घुसलेले दोन प्लग. प्रत्येकी आठ पिनांचे. ४०९० ला आठ पिनांचं सॉकेट नसतं! तिला १६ पिनांचं एकच बारीक सॉकेट असतं. जुन्या पॉवर सप्लायसाठी अडॅप्टर मिळतो, पण त्याचंही कार्डाकडचं टोक १६ पिनांचंच. साधी बेरीज करा. आठ पिनांच्या एका प्लगमधून नियमाने १५० वॅट, दोनचे ३००, मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५. झाले ३७५. कार्ड म्हणे ४५० चं. सगळा पुरावा त्या एका फोटोत होता, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने मला पाठवला होता.

मी विचारलं नाही असं नाही. ‘केबल वेगळी दिसतेय’ असं त्याच दिवशी लिहिलं होतं. उत्तर आलं: “मॅडम, कस्टम केबल आहे. अडॅप्टर आतून गेलाय, फोटोत येत नाही. तुम्ही डिझाइन बघा, वायरिंग आमच्यावर सोडा.” कस्टम केबलला खरोखरच अडॅप्टर आणि जोडण्या असतात, त्यामुळे उत्तर पटण्यासारखं होतं. पैसे दिले. आज कुणी असं उत्तर दिलं तर मी कार्डाच्या कडेचा जवळून व्हिडिओ मागेन, आणि तो येईपर्यंत एक रुपया सोडणार नाही.

स्ट्रेस टेस्टच्या व्हिडिओतही तेच. पूर्ण लोडवर कार्ड ३४८ वॅट खाताना दिसत होतं. विचारल्यावर म्हणाला, पाण्यामुळे चिप थंड राहते म्हणून वीज कमी लागते. थंड चिप थोडी कमी वीज खाते हे खरं आहे. थोडी! शंभर वॅट कमी नव्हे. ३०९० मात्र ३५० वॅटचीच. हे लोक निखालस खोटं बोलत नाहीत, अर्धं खरं सांगतात, आणि अभ्यास केलेला माणूस त्या अर्ध्या खऱ्यावर विश्वास ठेवतो.

मशीन आलं तेव्हा विंडोज आधीच टाकलेलं होतं आणि सेटिंगमध्ये नाव ४०९० च दिसत होतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंगच्या नोंदींत, कार्डाचं दिसणारं नाव बदलता येतं, हे लक्षात ठेवा. सोबत सूचना: ‘ड्रायव्हर अपडेट करू नका, लूपप्रमाणे ट्यून केलाय.’ ड्रायव्हर म्हणजे विंडोजमधून कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. त्याचा आणि लूपचा, म्हणजे पाणी फिरणाऱ्या नळ्यांच्या चक्राचा, काडीचाही संबंध नसतो. अशी सूचना मिळाली की त्याच संध्याकाळी जुना ड्रायव्हर पुसून नवा टाका. तयार विंडोज घेऊच नका, स्वतः कोरं टाका. आणि केसला ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असं सील असेल तर ते कुणाच्या सोयीसाठी लावलंय, याचा विचार करा.

पितळ उघडं पडलं ते कामात. एका प्रोजेक्टला व्हिडिओ एव्ही१ फॉरमॅटमध्ये काढायचा होता. ४०९० मध्ये एव्ही१ चा हार्डवेअर एन्कोडर (कार्डातच तसा व्हिडिओ बनवणारा भाग) असतो, ३०९० मध्ये नसतो. पर्यायच दिसेना. गेममध्ये एनव्हिडियाची डीएलएसएस फ्रेम जनरेशनही (मधल्या फ्रेम कार्डानेच तयार करायची सोय) मिळेना, तीही ३० च्या पिढीला नाही. बिल्डर म्हणाला, सॉफ्टवेअरचा दोष. मग मी ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाकला. रीस्टार्ट झाल्यावर पडद्यावर स्वच्छ नाव आलं: आरटीएक्स ३०९०. हातपाय गार पडले. बिल्डरला स्क्रीनशॉट पाठवला, त्याने पाहिला आणि नंबर ब्लॉक केला.

दुरुस्तीवाल्याकडून कॅमेऱ्यासमोर ब्लॉक उघडून घेतला. थर्मल पॅड (चिपांची उष्णता ब्लॉकपर्यंत नेणारे मऊ तुकडे) तेल सुटून चिकट झालेले, काही फाटलेले, म्हणजे कार्ड खूप काळ तापलेलं. चिपवर कोरलेलं होतं जीए१०२-३००. ४०९० च्या चिपवर एडी१०२ ने सुरू होणारं नाव असतं. पाटीच्या मागच्या बाजूलाही मेमरीच्या चिपा होत्या, ज्या ४०९० ला नसतात. म्हणूनच त्याने मागच्या प्लेटलाही पाण्याची नळी दिली होती, आणि ‘प्रीमियम’ म्हणून तिचे पैसे वेगळे लावले होते! सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं दिवसरात्र राबवून चलन मिळवणं) बंद झाल्यावर अशी राबवलेली कार्डं बाजारात ढिगाने आली. माझं त्यातलंच असावं असा माझा संशय आहे.

लूप रिकामा केला तर आणखी घाण. मला पारदर्शक कूलंट हवा होता. ‘दुधी पांढरा फोटोत उठून दिसतो’ म्हणत त्याने तोच गळी उतरवला. दुधी पाण्यात गाळ दिसत नाही, शिवाय त्या कूलंटमधले रंगाचे कण स्वतःच ब्लॉकच्या बारीक पात्यांत बसतात. काढलेल्या पाण्यात राखाडी कचरा होता. रेडिएटरच्या तोंडाशी आटे खरवडून बघितले. एकात पितळेचा पिवळा रंग, दोघांत पांढरा. तीनपैकी दोन रेडिएटर ॲल्युमिनियमचे. तांब्याच्या ब्लॉकबरोबर एकाच पाण्यात ॲल्युमिनियम ठेवलं की ते गंजून झिजतं, आणि तो गंज सगळ्या लूपभर फिरतो. लोहचुंबक लावून बघू नका, तो दोन्हींना चिकटत नाही. आटेच बघा, आणि नळ्या जोडायच्या आधी बघा.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल. पोलीस चौकीत पहिला प्रश्न: “मॅडम, माल मिळाला ना? चालतोय ना? मग फसवणूक कुठे झाली?” एका मॉडेलच्या जागी दुसरं देणं ही फसवणूक नाही तर काय आहे? हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणीत जा, असं सांगून वाटेला लावलं. बँकेत म्हणे, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत, तुमच्या संमतीने गेले. खातं कुणाचं ते सांगता येत नाही, थांबवता येत नाही, लेखी अर्ज द्या. अर्ज दिला तर तो चुकीच्या विभागात दिला म्हणून परत. कार्डाच्या कंपनीने सिरियल नंबर मागितला. तो मूळ कूलरवर असतो, कूलर बिल्डरकडे, आणि पाटीवरचं छोटं स्टिकर खरवडलेलं. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर बिल मागितलं. बिलावर एकच ओळ: ‘कस्टम वॉटर-कूल्ड संगणक, १ नग’. त्यात ४०९० कुठे लिहिलंय, असं मलाच विचारलं. चॅट दाखवलं तर म्हणाले प्रिंट आणा. प्रिंट नेली तर म्हणाले तज्ज्ञाचा दाखला आणा. दुरुस्तीवाल्याचं पत्र नेलं तर म्हणाले हा मान्यताप्राप्त नाही. मान्यताप्राप्त कोण, त्याची यादी कुठे? “ते तुम्ही शोधायचं.” चिपवरची अक्षरं शाळकरी पोरालाही वाचता येतात, पण यांना त्यासाठी शिक्का हवा! चोरी एकाने केली, आणि सिद्ध करत दारोदार फिरायचं मी.

म्हणून बिलात प्रत्येक पार्टची वेगळी ओळ लिहून घ्या, मॉडेल आणि सिरियल नंबरासकट. कार्ड, प्रोसेसर आणि पॉवर सप्लाय शक्यतो स्वतः विकत घ्या, बिल्डरला फक्त जोडणीचे पैसे द्या. कार्ड आधी मूळ कूलरवर चालवून तपासा, ब्लॉक नंतर. खासगी खात्यावर पैसे मागितले तर तिथेच व्यवहार संपवा. ६० टक्के आगाऊ मागणारा माणूस तुमच्याच पैशांनी तुमच्याशी खेळतो.

तक्रार पुन्हा दाखल केली आहे, या वेळी व्हिडिओ, चिपचे फोटो आणि काढलेले रेडिएटर जोडून. कुणाकडे असंच मशीन असेल, दोन आठ-पिनी प्लगवर चालणारी ‘४०९०’, दुधी कूलंट आणि ड्रायव्हरला हात लावू नका अशी सूचना, तर आज ड्रायव्हर पुसून बघा आणि नाव बदललं तर स्क्रीनशॉट घेऊन लगेच लेखी तक्रार करा. एकट्या बाईच्या तक्रारीला हे लोक वाद म्हणतात. त्याच पद्धतीच्या चार तक्रारी एका टेबलावर आल्या, तर तसं म्हणणं त्यांना जड जाईल.