कृष्णधवल निगेटिव्ह : फ्लॅटबेड स्कॅनर की कॅमेरा?

पुण्यातील जुन्या घरांच्या कपाटांत पडून असलेल्या कृष्णधवल निगेटिव्ह डिजिटल करताना फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर वापरावा की मॅक्रो लेन्सचा, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या भिंगाचा, कॅमेरा, हे मुख्यतः फिल्मचा आणि प्रिंटचा आकार पाहून ठरवावे. स्कॅनरवर ६४०० डीपीआय (एका इंचातील ठिपक्यांची संख्या) लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात मिळणारा तपशील बराच कमी असतो. १२० फिल्मच्या (सुमारे ६ सेंमी रुंद रोलच्या) मोठ्या फ्रेमला तो पुरतो, ३५ मिमीच्या २४ × ३६ मिमी फ्रेमला मात्र तोकडा पडतो. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा तीच फ्रेम सुमारे ६००० × ४००० पिक्सेलमध्ये टिपतो, म्हणजे ३०० डीपीआयने २० × १३ इंचांचा प्रिंट निघू शकतो, आणि हा फरक माझ्या मते निर्णायक आहे. त्यासाठी निगेटिव्ह व कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रतिमा टिपणारी चिप) काटेकोरपणे समांतर हवेत. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवावा आणि लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत स्टँडवरील कॅमेऱ्याचा कोन बदलत राहावे.

स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई (अदृश्य किरणांनी धूळ ओळखून ती चित्रातून पुसण्याची सोय) येथे उपयोगी नाही, कारण पारंपरिक फिल्ममधील चांदी इन्फ्रारेड किरण अडवते आणि चित्रच धूळ समजले जाते. त्यामुळे ब्लोअर (हवेने धूळ उडवणारा फुगा) दोन्हींसाठी हवाच. केवळ कौटुंबिक अल्बमसाठी पोस्टकार्डाएवढे प्रिंट हवे असतील, तर स्कॅनर निःशंकपणे घ्यावा.