वोरिनोस्टॅट: विषाणू उठतो, पण मरत नाही

एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं) नियमित घेणाऱ्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वर्षानुवर्षं ‘सापडत नाही’ असा येतो. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांत तो काही आठवड्यांतच पुन्हा चढतो. याचं कारण शांत पडलेल्या काही सीडी४ पेशींमध्ये (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींमध्ये) आहे. एचआयव्हीने आपली प्रत त्यांच्या डीएनएत जोडून ठेवलेली असते. पुन्हा उठू शकणारा विषाणू बाळगणारी पेशी साधारण दहा लाखांत एक. एआरटी नवीन पेशींची लागण रोखते. जो विषाणू काहीच करत नाही, त्याला ती धक्काही लावू शकत नाही. त्याला उठवून मारायचा, या कल्पनेतून जी औषधं तपासली गेली त्यांत सर्वाधिक अभ्यास वोरिनोस्टॅटचा झाला.

मुळात हे त्वचेच्या टी-सेल लिम्फोमाचं (एका कर्करोगाचं) औषध, अमेरिकेत २००६ साली मंजूर झालेलं. १०० मिग्रॅच्या चार कॅप्सूल एकदम, जेवणासोबत. कॅप्सूल फोडायची नाही. आतली पूड अंगाला लागली तर लगेच धुवायची. पेशीत डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि एचडीएसी नावाची एन्झाइम ती गुंडाळी आवळून ठेवतात. वोरिनोस्टॅट त्यांना अडवतं. गुंडाळी सैल पडली की विषाणूची जनुकं पुन्हा वाचली जाऊ लागतात.

इथवर औषध खरं उतरतं. २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डेव्हिड मार्गोलिस यांच्या गटाने आठ जणांना ४०० मिग्रॅचा एकच डोस दिला. शांत सीडी४ पेशींतला एचआयव्ही आरएनए (विषाणूची जनुकं वाचली जाताना बनणारी प्रत) सरासरी ४.८ पट वाढला. मेलबर्नला २० जणांना १४ दिवस रोज दिलं, तेव्हा १८ जणांत आरएनए वाढला. एचआयव्ही डीएनए मात्र होता तेवढाच राहिला, म्हणजे पेशींत लपलेल्या विषाणूचा साठा घटला नाही. वारंवार दिलं की पेशी दाद देईनाशा होतात, म्हणून पुढे दोन डोसांत ७२ तासांचं अंतर ठेवलं गेलं. ब्रिटनच्या रिव्हर चाचणीत ६० जण होते. निम्म्यांना एआरटीसोबत दोन लसी आणि वोरिनोस्टॅटचे दहा डोस मिळाले, बाकीच्यांना फक्त एआरटी. २०२० मध्ये निकाल आला: दोन्ही गटांच्या साठ्यात फरक नाही.

अडतं कुठे? एक तर बऱ्याच सुप्त प्रती उठतच नाहीत. दुसरं, आरएनए तयार झाला म्हणजे पेशी मेली असं होत नाही. तिला ओळखून मारणाऱ्या सीडी८ पेशी हव्यात, आणि प्रयोगशाळेत या गटातली औषधं त्याच मारेकरी पेशींना मंदावताना दिसली आहेत. आमच्या मते खरी अडचण हीच. उठवण्यात औषध पास, साठा कमी करण्यात नापास.

याच गटातलं रोमिडेप्सिन जास्त जोरकस आहे. डेन्मार्कच्या चाचणीत सहापैकी पाच जणांच्या रक्तात, एआरटी चालू असतानाही, विषाणू मोजण्याइतका वर आला. पण ते शिरेतून चार तास द्यावं लागतं. वोरिनोस्टॅटला डायसल्फिरामची जोड देण्याचा प्रयोग तर दोनच जणांवर थांबवावा लागला, दोघांनाही मेंदूशी संबंधित गंभीर त्रास झाला.

हे औषध बाहेरून आणून स्वतः घेऊ नका, हे कळकळीने सांगतो. प्लेटलेट घटतात, साखर वाढते, जुलाब होतात, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो. कर्करोगाच्या रुग्णालाही पहिले दोन महिने दर पंधरवड्याला रक्त तपासावं लागतं. शिवाय जिवाणूंवरच्या चाचणीत ते जनुकीय बदल घडवणारं ठरलं आहे. कर्करोगात चालणारा हा धोका एआरटीवर ठणठणीत असलेल्या माणसाने का घ्यावा? एआरटी सेंटरवरची टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) रोजची गोळी चालूच ठेवा.

अशा चाचणीत भाग घेण्याबद्दल विचारणा झाली, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी एक गोष्ट विचारा: एआरटी मध्येच थांबवणार आहेत का? थांबवणार असतील तर व्हायरल लोड किती दिवसांनी तपासणार आणि किती आकड्याला गोळ्या पुन्हा सुरू करणार, हे लिहून घ्या. त्या काळात जोडीदाराला लागण होऊ शकते, त्यामुळे कंडोम किंवा जोडीदारासाठी प्रेपची (लागण टाळायला आधीच घ्यायच्या औषधाची) सोय आधीच झालेली हवी.