‘जय हिंद माँजी’ म्हणणाऱ्याकडून बाळाचं सामान घेताना

साताऱ्यात फौजी म्हटलं की माणूस दार उघडून आत बोलावतो. जवळच्या अपशिंग्यात तर घरटी कुणी ना कुणी सैन्यात, गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागलंय. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच निघालं. माझे धाकटे दीर सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की ज्याने आम्हाला पंधरा हजारांना बुडवलं त्याने नेमकं इथेच बोट ठेवलं.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. आमच्याकडे बाळ यायच्या आधी नवंकोरं काही आणत नाहीत, आणि पहिले कपडे दुसऱ्या बाळाने वापरून मऊ झालेलेच घालतात. त्यामुळे झबली, टोपडी, दुपटी यांचा प्रश्न नव्हता. जाऊबाईंच्या ट्रंकेतून गाठोडंच्या गाठोडं आलं. ते डांबरगोळ्यांसकट आलं, म्हणून विषयांतर करून सांगते. काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते. नॅप्थलीनच्या डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे अशा बाळाला घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, कावीळ चढू शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे आधी कुणाला ठाऊक असतं? आम्ही सगळं धुऊन उन्हात घातलं, आणि ज्याचा वास जाईना ते बाजूलाच ठेवलं. तुमच्याकडे असं गाठोडं येणार असेल तर आधी हुंगून बघा.

खरी अडचण मोठ्या वस्तूंची होती. लेक-जावई पुण्यात. घाट उतरून येताना बाळाला मांडीवर घेऊन बसायचं नाही, कारसीट हवीच, हा जावयांचा हट्ट. हट्ट योग्यच होता, पण नवीन कारसीटची किंमत ऐकून आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग मी मोबाइलवर जुन्या सामानाच्या जाहिराती बघायला लागले.

त्यात ही दिसली. लाकडी पाळणा, बाबागाडी, कारसीट आणि कपड्यांची बॅग, सगळं मिळून सात हजार. ‘आर्मी पोस्टिंग के कारण अर्जंट सेल.’ मेसेज केला तर लगेच फोन. ‘जय हिंद माँजी.’ पुण्यातल्या कॅम्पात आहे, बदली जम्मूला झालीय, मुलगा आता दोन वर्षांचा, सामान कुठे नेऊ? मी साताऱ्याची म्हटल्यावर तर विचारू नका. त्याच्या युनिटमध्ये म्हणे अर्धे साताऱ्याचे. लष्करी कॅन्टीनच्या कार्डाचा फोटो आला, आधारकार्डाचा आला, गणवेशात लेकराला कडेवर घेतलेलाही आला.

हे म्हणाले, मी पुण्याला जाऊन बघून येतो. तर कॅम्पात सिव्हिलियनला परवानगी नाही, सामान मिलिटरीच्या गाडीने घरपोच येईल. पैसेही आधी द्यायचे नाहीत, सामान बघून द्या. फक्त गेटपासचे १,१५० आणि गेटपासवर नाव घालायला तुमच्या आधारचा फोटो. ‘सामान बघून द्या’ हे वाक्य फार हुशारीने टाकलेलं होतं. त्यापुढे अकराशे पन्नास रुपये कुणाला मोठे वाटतात?

दुसऱ्या दिवशी वेगळ्या नंबरवरून ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’वाल्याचा फोन. खोक्यांचा फोटो पाठवलेला, वर माझं नाव आणि पत्ता जाड मार्करने लिहिलेला. तो फोटो बघितल्यावर माझ्या दृष्टीने सामान आलंच होतं. गाडी आनेवाडी टोलवर उभी आहे म्हणाला, टोलची पावती क्लिअर व्हायला डिपॉझिट भरावं लागेल, ६,९९९. सामान उतरलं की सात हजारांतून वळतं करू. हे म्हणाले, आनेवाडी काय लांब आहे, मी स्कूटर काढतो. तसा त्याचा सूर चढला. मिलिटरीची गाडी आहे, असं कुणालाही मधेच सामान देता येत नाही, उशीर झाला तर माल परत जाईल आणि साहेबांना उत्तर तुम्ही द्या. मागे वायरलेससारखी खरखर चालू होती. आम्ही भरले.

मग सांगितलं, सिस्टिमने रक्कम घेतली नाही, पुन्हा ६,९९९ टाका, दोन्ही एकदम परत येतील. आधीचे अडकलेले सोडवायचे म्हणून माणूस पुढचे घालतो. जुगारात नाही का, तसं. तेही गेले. आणि मग आला क्यूआर कोड, ‘रिफंडसाठी’ स्कॅन करा, रक्कम १५,१४८. आमचेच सगळे पैसे, बरोबर हिशेबाने. स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव आलं एका बाईचं, आणि खाली पिन टाकायची चौकट. पैसे माझ्याकडे यायचे तर पिन माझा कशाला? यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो. घ्यायला पिन लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. तिथे मी थांबले. तिकडून तो ‘जल्दी कीजिए, कोड एक्सपायर हो जाएगा’ म्हणत राहिला.

संध्याकाळी भाऊजी आले. सगळं ऐकून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘‘वहिनी, लष्कराच्या गाडीला टोल असतो का?’’ नसतो. इंग्रजांच्या काळापासून, १९०१ च्या कायद्याने, ड्यूटीवरच्या लष्करी वाहनाला टोल माफ आहे. जवानाच्या पोराचा पाळणा घरपोच देत फिरायला मिलिटरीच्या गाड्या नसतात, हेही त्यांनीच सांगितलं. आणि विकणारा खरा असता तर तुम्हाला आत नेता येत नाही म्हणून सामान घेऊन स्वतः गेटबाहेर आला असता. मग त्यांनी पाळण्याचा फोटो मोठा करून दाखवला. मागच्या भिंतीवर विजेचं सॉकेट होतं, त्याला दोन चपट्या उभ्या फटी. आपल्याकडे तीन गोल भोकं असतात. तो पाळणा पुण्यातल्या क्वार्टरमधला नव्हताच, अमेरिकेकडच्या कुठल्या तरी घरातला होता. तोच फोटो गुगलवर टाकून शोधल्यावर परदेशी दुकानाच्या पानावर सापडला.

ते कॅन्टीन कार्ड बहुधा कुणा खऱ्या जवानाचंच असणार, कुठून तरी लाटलेलं. म्हणून तो फोटो मी कुठेही पुढे पाठवलेला नाही, तुम्हीही असे फोटो ‘हाच तो चोर’ म्हणून फिरवू नका. माझ्या आधारचा फोटो आता दुसऱ्या कुणाला दाखवला जात असेल, ही टोचणी पैशांपेक्षा जास्त आहे. पोलीस तक्रारीत मी ते मुद्दाम लिहून घेतलं.

तक्रारीचं सांगते, कारण इथे वेळ फार मोलाचा असतो. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लगेच लावायचा. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. हाताशी काय ठेवायचं? प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), समोरच्याचा यूपीआय आयडी, चॅटचे स्क्रीनशॉट. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे सरकायच्या आत तक्रार पोहोचली तर तिथेच थोपवता येतात. आमच्या शेवटच्या ६,९९९ पैकी काही रक्कम अशी अडली आहे, पण हातात यायला वेळ लागेल असं सांगितलं. बाकीची गेली. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आणि आयटी कायद्याचं, तोतयेगिरी करून फसवल्याचं ६६-ड यांचा उल्लेख झाला. बँकेत मात्र फार आशा धरू नका. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाला भुर्दंड नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला खरा, पण तो तुमच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहाराला. काउंटरवरच्या मुलाने मान खाली घालूनच सांगितलं, ‘‘काकू, पिन तुम्हीच टाकलाय ना.’’

बाबागाडी शेवटी शाहूपुरीतल्या एका घरातून घेतली. त्यांच्या ओट्यावर दोनदा घडी घालून उघडली, ब्रेक लावून ढकलून पाहिली, पैसे तिथेच दिले. कारसीट जावयांनी नवीनच आणली, कारण जुनी सीट एखाद्या अपघातातून गेलेली असेल तर वरून दिसत नाही. पाळणा भाऊजींच्या माळ्यावर निघाला. गजांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असते, म्हणून त्यांनी पट्टी लावून मोजली आणि दोन गज वाढवून घेतले.

आणि हे अजून संपलेलं नाही. परवा फोन आला, ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची पूर्ण रक्कम मंजूर झालीय, फक्त फाइल चार्ज ९९९ भरा.’ एकदा फसलेल्यांचे नंबर या लोकांत फिरतात, हे ऐकून होते. मी म्हटलं, दादा, पोवई नाक्यावर या, रोख देते, सोबत आमचे सुभेदार भाऊजीही येतील. ‘कौन भाऊजी?’ एवढं विचारून त्याने फोन ठेवला.