तरुण संघाचा निधी, जुन्या वस्तूंची विक्री आणि गूगल शीट्स

आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या शिबिराची फी सगळ्यांच्याच घरच्यांना झेपते असं नाही. पैशापायी एकही मूल मागे राहू नये म्हणून जुनी पुस्तकं, खेळणी, घरगुती वस्तू गोळा करून विकायचं ठरलं. आता हे करणारी माणसं कोण, तर नोकरी सांभाळणारी, परीक्षा तोंडावर आलेली, घरी तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेली. सगळ्यांनी एका वेळी एकत्र बसायचं म्हटलं तर महिने जातील. म्हणून बैठका जवळजवळ बाद केल्या आणि सगळा कारभार गूगल शीट्स (सगळ्यांना एकत्र भरता येणारा ऑनलाइन तक्ता) आणि गूगल फॉर्म्सवर (ऑनलाइन भरायचा अर्ज) आणला. विक्री पार पडली, हिशेब मिटला, तेव्हा वापरून काय वाटलं ते लिहिते. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

दोन्ही गोष्टी फुकट आहेत, गूगलचं खातं असलं की झालं. शीट्स २००६ साली आलं आणि फॉर्म्स २००८ साली त्याचाच एक भाग म्हणून. ही जोडी एकमेकांसाठीच बनलेली असल्यासारखी चालते ती त्यामुळेच. फॉर्म एकदा शीटला जोडला की भरलेलं उत्तर आपोआप शीटच्या नव्या ओळीत जाऊन बसतं, कुणाला काही उतरवून घ्यावं लागत नाही.

पण शीट म्हणजे नुसते रिकामे चौकोन. त्यात काय भरायचं यावर सगळं अवलंबून. गुंतलेल्या माणसाला "विक्रीला मदत कराल का?" असं विचारलं की तो मनापासून "बघतो" म्हणतो आणि ते तिथेच राहतं. त्याच माणसाला "पुस्तकांवर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आहेत, वीस मिनिटं लागतील, घरी बसून होईल" असं सांगितलं की तो लगेच नाव लिहितो. म्हणून आम्ही प्रत्येक कामाचे इतके लहान तुकडे केले की एक तुकडा एका ओळीत मावावा. रकाने पाचच ठेवले: काम, लागणारा वेळ, घरून होतं का, कोण करणार, स्थिती. स्थितीच्या रकान्यात ड्रॉपडाउन, म्हणजे निवडायची तयार यादी होती, त्यात 'बाकी', 'घेतलं', 'झालं' असे तीनच पर्याय. 'झालं' निवडलं की ओळ हिरवी. ही रंगांची सोय शीट्सच्या 'कंडिशनल फॉरमॅटिंग' या पर्यायात मिळते आणि एकदा लावली की पुन्हा हात लावावा लागत नाही.

या पाचांतला 'घरून होतं का' हा रकाना मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. रात्रपाळी करणारा आमचा एक मुलगा कुठल्याच रविवारी थांबू शकत नव्हता. त्याने पाळीच्या मधल्या सुट्टीत आमंत्रणाचा मजकूर लिहून दिला आणि तो उत्तम होता. तान्ह्या बाळाची आई चिठ्ठ्यांची अख्खी थप्पी घरी घेऊन गेली. एरवी "आम्हाला जमत नाही हो" म्हणून मागे राहणारी ही माणसं या खेपेला विक्रीत बरोबरीची भागीदार होती. निधी जमलाच, पण मला या गोष्टीचा आनंद त्याहून जास्त आहे.

वस्तू देणाऱ्यांसाठी फॉर्म केला: काय देणार, कधी आणणार, न्यायला वाहन लागेल का. त्यात एक प्रश्न होता, "वस्तू चालू स्थितीत आहे का?" उत्तर 'नाही' आलं तर पुढच्या प्रश्नांऐवजी वेगळं पान उघडायचं आणि त्यावर आभार मानून, अशी वस्तू आम्हाला घेता येणार नाही, असं नम्रपणे लिहिलेलं होतं. उत्तराप्रमाणे पान बदलण्याची ही सोय जरूर वापरा. दारात मोडकी वस्तू घेऊन उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं तरुण मुलांना फार जड जातं. दुसरं, जागा भरली की 'उत्तरं स्वीकारणं' बंद करता येतं. नाहीतर विक्रीच्या आदल्या रात्रीपर्यंत वस्तू येतच राहतात.

पैशांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात वर्गणी पोहोचवण्याची व्यवस्था सांगितली आहे. पौलाचा सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी (चर्चनी) नेमलेला आणखी एक बंधू पाठवला, का, तर या देणगीच्या कारभारात कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. आम्ही तेच धरून चाललो. गल्ला दोघांनी मोजायचा, दोघं एकाच घरातले नकोत. प्रत्येकाने आपापल्या रकान्यात नोटांची संख्या लिहायची, बेरीज शीट करतं. तिसऱ्या रकान्यात दोघांच्या बेरजांमधला फरक येतो आणि तो शून्य झाल्याशिवाय पिशवी बंद करायची नाही. मग तो भाग प्रोटेक्ट करून टाकायचा, म्हणजे खजिनदार आणि फाइलचं मूळ खातं सोडून कुणाला तिथे बदल करता येत नाही. त्याउपर व्हर्जन हिस्टरी आहेच, कोणी कधी काय बदललं ते त्यात दिसतं. कुणावर संशय आहे म्हणून हे करायचं नसतं. ज्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या हातात आपण गल्ला देतो, तिच्यावर उद्या कुणी ठपका ठेवू नये म्हणून करायचं.

एक धोका नीट समजून घ्या. शीटमधलं एखादं पान 'लपवलं' म्हणजे ते सुरक्षित झालं असं नाही. फाइल पाहण्याची परवानगी असलेला माणूस तिची प्रत काढून लपवलेलं पान उघडू शकतो. म्हणून पालकांना दाखवायचा जमाखर्च आम्ही वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आणि त्यात फक्त एकूण आकडे होते, देणाऱ्यांची नावं नव्हती. आणि कोणत्या मुलांना फीसाठी मदत मिळणार ही यादी तर कुठल्याच शीटवर चढवली नाही. ती पास्टरांकडे कागदावर राहिली. त्या मुलांचा मान राखणं हा या सगळ्या खटाटोपाचाच भाग आहे, यात तडजोड करू नका.

अर्धा गुण कापला तो कशासाठी? फॉर्म स्वतः पैसे घेत नाही. देणगी रोख किंवा चर्चच्या खात्यात, आणि तिची नोंद हाताने. देणगी गोळा करणारं एक संकेतस्थळ आम्ही पाहिलं होतं, पण ते प्रत्येक देणगीतून आपला वाटा घेत होतं, म्हणून नको म्हटलं. दुसरं म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर रुंद शीट वाचताना हैराण व्हायला होतं, रकाने पाचच ठेवले त्याचं हेही एक कारण. वरची ओळ फ्रीझ करा, म्हणजे खाली सरकलं तरी ती दिसत राहते, आणि विक्रीच्या जागी नेटवर्क मिळेल की नाही याची खात्री नसेल तर फाइल आधीच ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा.

स्मार्टफोन न वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठी यादी छापून उपासनेनंतर दाराशी लावली. एक मुलगा पेन घेऊन शेजारी उभा राहायचा आणि नावं नंतर शीटमध्ये भरायचा. शीटमध्ये बदल झाला की ईमेलने कळण्याची सोय आहे, पण नाव लिहून विसरलेल्या माणसाला ईमेलने जाग येत नाही. त्याला फोनच करावा लागतो, "दादा, उद्या सकाळी टेबलं लावायला येताय ना?" एवढंच. फोन करणं हीसुद्धा आम्ही शीटमधली एक ओळ केली आणि ती सगळ्यांत गोड बोलणाऱ्या मुलीला दिली.

फाइल मात्र कुणा एकाच्या खासगी खात्यावर बनवू नका. संघाच्या नावाने वेगळं खातं काढा, पासवर्ड संघप्रमुख आणि खजिनदार दोघांकडे ठेवा. पदं बदलतात, माणसं शिक्षणासाठी, नोकरीसाठी दुसरीकडे जातात, फाइल संघाकडे राहायला हवी. आम्ही विक्रीनंतर कामांच्या यादीची कोरी प्रत पुढच्या खेपेसाठी काढून ठेवली, फॉर्म बंद केला आणि लोकांचे फोन नंबर असलेला रकाना काढून टाकला. जुन्या फाइलच्या व्हर्जन हिस्टरीत ते नंबर तरीही दिसू शकतात, म्हणून हिशेब मंडळीपुढे मांडून झाल्यावर त्या फाइलवरून खजिनदार सोडून बाकी सगळ्यांची परवानगी काढली.