अनिवासी दर्जाच्या नावाखाली झालेली फसवणूक : आखातातील कोल्हापूरकरांसाठी

नोकरीनिमित्त आखातात राहणारे, पण आई-वडिलांच्या आजारपणामुळे किंवा घरच्या जबाबदाऱ्यांमुळे वर्षातील काही महिने कोल्हापुरात काढणारे आमच्यासारखे लोक आता कमी राहिलेले नाहीत. अशा माणसाला आयकरासाठी निवासी मानायचे की अनिवासी, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो आणि त्याचे उत्तर कायद्यात असले तरी ते एका वाक्यात मावत नाही. नेमकी हीच जागा हेरून एका करसल्लागाराने आमच्या कुटुंबाची फसवणूक केली. पोलिसांत तक्रार दिलेली असल्यामुळे त्याचे नाव मी लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण त्याच पद्धतीने नाडली गेलेली आणखी माणसे आम्हाला नंतर भेटली आणि त्यांतली काही अजूनही त्याने घातलेल्या भीतीखालीच आहेत.

मी शारजात एका फाउंड्रीत कंत्राटी पद्धतीवर काम करतो. कोल्हापुरातले माझे उत्पन्न म्हणजे शिरोली एमआयडीसीतील एका गाळ्याचे भाडे आणि एनआरओ खात्यातील, म्हणजे अनिवासींचे भारतातले उत्पन्न जमा होणाऱ्या खात्यातील, मुदत ठेवींचे व्याज. दोन्ही मिळून दहा लाखांच्या आसपास भरते. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून कंत्राटाच्या दोन टप्प्यांमधला काळ मी राजारामपुरीतल्या घरी असतो आणि त्या काळात कंपनीचे काम करत नाही, पगारही घेत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण घरी बसून परदेशी कंपनीचे काम केले तर तेवढ्या कामाचा पगार, तो कोणत्याही देशातल्या खात्यात जमा झाला तरी, भारतातले उत्पन्न ठरतो. लॅपटॉपवर काम करणाऱ्या तरुण मंडळींनी ही गोष्ट स्वतंत्रपणे समजून घ्यावी.

हा सल्लागार नात्यातल्या एका माणसाच्या ओळखीतून मिळाला. त्याचे ऑफिस स्टेशन रोड परिसरात होते आणि फलकावर इन्कम टॅक्सपासून पासपोर्टपर्यंत सर्व कामांची यादी होती. पहिल्याच भेटीत त्याने माझा पासपोर्ट मागून घेतला, शिक्क्यांच्या तारखा पाहत टेबलावरच्या कॅलेंडरवर लाल पेनने एकेक दिवस खोडला, आणि आकडा १२० च्या पुढे गेल्यावर माझ्याऐवजी थोरल्या भावाकडे वळून तो म्हणाला, “दादा, साहेबांचं एनआरआय स्टेटस गेलं म्हणून समजा. आता तिकडच्या पगारावर तीस टक्के टॅक्स आणि वर दहा लाख दंड. खातं गोठवायच्या आत मला कागद द्या, बाकीचं मी बघतो.”

या बोलण्यातला एकही आकडा खोटा नव्हता, म्हणून त्याचा धाक बसला. खोटेपणा होता तो न सांगितलेल्या अर्ध्या भागात. १२० दिवसांचा नियम २०२० च्या वित्त कायद्याने आला हे खरे. पण परदेशी स्रोतांखेरीजचे उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असलेल्यांनाच तो लागू होतो. त्याहून कमी उत्पन्न असलेला भारतीय नागरिक परदेशातून भेटीसाठी येत असेल, तर त्याच्यासाठी जुनी १८२ दिवसांची मर्यादा कायम आहे. १५ लाखांवरच्यांनासुद्धा नुसते १२० दिवस पुरत नाहीत, आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढलेले असावे लागतात. आणि समजा, कोणी या सर्व अटींत बसलाच, तरी त्याला मिळणारा दर्जा ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला’ असा असतो, म्हणजे व्यवहारात ज्याला आरएनओआर म्हणतात तो. त्या दर्जात परदेशात कमावलेल्या आणि तिथेच जमा झालेल्या पगारावर भारतात कर लागत नाही. माझे दिवस १२० च्या पुढे असले तरी १८२ च्या बरेच अलीकडे होते आणि उत्पन्न १५ लाखांच्या खूप खाली होते. मी अनिवासीच होतो, आणि हे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार, कारण भाड्याचे आणि व्याजाचे सगळे आकडे त्याच्यासमोर होते.

दहा लाखांच्या दंडाचेही तसेच. परदेशातील मालमत्ता दडवण्याविरुद्ध २०१५ साली झालेल्या कायद्यात तो दंड आहे. पण परदेशी खाती विवरणपत्रात दाखवण्याचे बंधन पूर्ण निवासी व्यक्तीवर असते, अनिवासी किंवा आरएनओआर व्यक्तीवर नसते. खाते गोठवण्याची भीती त्याने फेमा या १९९९ च्या परकीय चलन कायद्यातून उचलली होती. तो कायदा वेगळा आहे आणि तो दिवसांबरोबर माणसाचा हेतूही पाहतो. कायमचे परतल्यावर एनआरई खाते, म्हणजे परदेशातली कमाई ठेवण्याचे अनिवासींचे खाते, बदलून घ्यावे लागते, परंतु परदेशातली नोकरी चालू असताना आजारी वडिलांजवळ काही महिने राहिल्याने ते कोणी गोठवत नाही. पुढच्या भेटीत तर त्याने आखातात आयकर नाही म्हणून तिथले सगळे भारतीय आपोआप निवासी ठरतात असे सांगितले. कोणत्याही देशात कर लागत नसलेल्या भारतीय नागरिकाला निवासी मानणारे, म्हणजे मानीव निवासाचे, कलम आणले गेले तेव्हाही अशीच धास्ती पसरली होती आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २ फेब्रुवारी २०२० रोजी पत्रक काढून, मध्यपूर्वेत प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्यांच्या तिथल्या कमाईवर कर लावण्याचा हेतू नाही, असे स्पष्ट केले होते. मानीव निवासाचे ते कलमसुद्धा १५ लाखांच्या वरच्यांसाठीच आहे.

थोड्या दिवसांनी त्याने माझ्या नावाची एक नोटीस आणून दाखवली. वर राजमुद्रा, खाली सही-शिक्का, माझा पॅन अचूक, आणि भरायच्या रकमेचा मोठा आकडा. खात्यात आपली ओळख आहे, प्रकरण वरच्यावर मिटवतो, असे सांगून त्याने भावाकडून दोन हप्त्यांत अडीच लाख रुपये रोख घेतले. पावती दिली नाही. ती नोटीस बनावट होती. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि खात्याच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर लॉग-इन न करताही ते पत्र खरे आहे की नाही हे तपासता येते. आमच्या कागदावर तो क्रमांकच नव्हता. शिवाय आता तपासणीचे बरेच काम फेसलेस पद्धतीने, म्हणजे अधिकारी आणि करदाता समोरासमोर न येता, चालते. अशा तपासणीत फाइल कोणत्या शहरातल्या कोणत्या अधिकाऱ्याकडे गेली हे करदात्यालाच कळत नाही, तिथे कोल्हापुरातला मध्यस्थ कोणाची ओळख वापरणार?

यानंतर त्याने अमिरातीचे कर-निवास प्रमाणपत्र, म्हणजे टीआरसी, ‘तिकडच्या माणसांकडून’ काढून देतो म्हणून वेगळे साठ हजार घेतले. या प्रमाणपत्राचा उपयोग खरा आहे. एनआरओ ठेवींच्या व्याजावर बँक एरवी उपकरासह ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तर दुहेरी कर टाळण्याच्या भारत-अमिरात करारानुसार टीआरसी आणि विहित स्वघोषणा फॉर्म (१९६१ च्या कायद्याखाली १०एफ) दिल्यास साडेबारा टक्के दर लागू होतो. मात्र ते प्रमाणपत्र अमिरातीच्या फेडरल टॅक्स ऑथॉरिटीच्या संकेतस्थळावर आपले आपणच मागायचे असते. करारापुरते बोलायचे तर त्या कॅलेंडर वर्षात किमान १८३ दिवस अमिरातीत असावे लागते. तिथल्या देशांतर्गत नियमात ९० दिवसांचीही एक सवलत आहे आणि दलाल तीच दाखवून गिऱ्हाईक ओढतात. आम्हाला मिळालेला कागद रंगीत छपाईचा बनावट कागद होता. तो बँकेत देण्याची वेळ आली नाही ही त्यातल्या त्यात सुटका, कारण बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे हा वापरणाऱ्याचाही गुन्हा ठरू शकतो आणि आपल्याला माहीत नव्हते हे नंतर सिद्ध करत बसावे लागते.

सगळे उघडकीला आले ते बँकेत. एनआरओ खात्यातली रक्कम एनआरई खात्यात वळवण्यासाठी आम्हाला फॉर्म १५सीए आणि रकमेवरच्या कराबद्दलचे सीएचे १५सीबी प्रमाणपत्र लागले. ते त्यानेच आणून दिले होते. काउंटरवरच्या तरुण अधिकारी बाईंनी त्यावरचा यूडीआयएन, म्हणजे प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, चार्टर्ड अकाउंटंट संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला, पुन्हा एकदा टाकला, आणि कागद माझ्याकडे फिरवून विचारले, “सर, हे सर्टिफिकेट कुणी दिलं तुम्हाला? या नंबरवर काहीच निघत नाही.” खरा यूडीआयएन १८ अंक-अक्षरांचा असतो. आमच्या कागदावर त्याहून कमी होते. सीएने केलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर हा क्रमांक असणे २०१९ पासून बंधनकारक आहे आणि तो कोणालाही तपासता येतो. त्या बाईंनी नियमाप्रमाणे जेवढे करायचे तेवढेच केले, पण त्यामुळे आमचे पुढचे नुकसान टळले, हे कृतज्ञतेने नोंदवतो.

तिथून आम्ही थेट शाहूपुरीतल्या एका जुन्या, नावाजलेल्या सीएंकडे गेलो. ई-फायलिंगचा पासवर्ड चालत नव्हता. नेट बँकिंगमधून प्रवेश केल्यावर दिसले की खात्यावरचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल दोन्ही बदललेले होते. म्हणजे आयकर खात्याकडून येणारा प्रत्येक खरा संदेश त्या माणसाकडे जात होता. मग सीएंनी त्याने भरलेले विवरणपत्र उघडले आणि काही क्षण वाचून मला विचारले, “तुम्हाला काही दिव्यांगत्व आहे का?” माझ्या नावाने १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०यू खाली गंभीर दिव्यांगत्वाची सव्वा लाखाची वजावट घेतलेली होती. त्याखाली राजकीय पक्षाला दिलेल्या, म्हणजे कधीच न दिलेल्या, देणगीची वजावट होती. फॉर्म होता आयटीआर-१, जो अनिवासी व्यक्तीला वापरताच येत नाही. आणि निवासाच्या रकान्यात लिहिले होते : निवासी.

हे मला आजही सर्वांत गंभीर वाटते. अनिवासी दर्जा वाचवण्यासाठी ज्याने पैसे घेतले, त्यानेच सरकारदरबारी मला निवासी म्हणून नोंदवले, कारण ८०यूची वजावट निवासी व्यक्तीलाच मिळते आणि तिच्यामुळे रिफंड फुगतो. त्या फुगलेल्या रिफंडमधून त्याने एक चतुर्थांश वाटा ‘फी’ म्हणून कापून घेतला. निवासी म्हणून विवरणपत्र भरले की शारजातले खाते न दाखवणे ही खरोखरच कसूर दिसू लागते, आणि भारत व अमिरात यांच्यात बँक खात्यांच्या माहितीची आपोआप देवाणघेवाण होत असल्यामुळे ती खात्याच्या नजरेस येणारच. नसलेल्या ज्या धोक्याचे त्याने भय दाखवले, तो धोका त्याने भरलेल्या विवरणपत्रामुळे निर्माण झाला. वास्तविक भाडे आणि व्याज दोन्हींवर अनिवासी म्हणून ३१.२ टक्के टीडीएस कापला गेलेला असल्याने, स्लॅबनुसार हिशेब केला तर कोणतीही लबाडी न करताही मला चांगला रिफंड मिळणारच होता.

तेव्हाच्या ३१ डिसेंबरच्या मुदतीत असल्यामुळे सुधारित विवरणपत्र भरता आले. सीएंनी आयटीआर-२ मध्ये अनिवासी म्हणून नवा हिशेब मांडला, जास्तीचा रिफंड आम्ही व्याजासह परत भरला आणि त्याबरोबर पासपोर्टच्या पानांच्या प्रती व कंत्राटाचे कागद फाइलला लावून ठेवले. मुदत उलटली असती तर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग उरला असता, पण तो वाढीव कर भरूनच वापरता येतो. आणि खात्याने आधी पकडले असते तर चुकीची माहिती दिल्याबद्दल बुडवलेल्या कराच्या दोनशे टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकला असता. विवरणपत्र कोणी भरले हे कायदा पाहत नाही, पॅन कोणाचा आहे हे पाहतो.

पोलिसांत आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची आणि ३३६ व ३४० खाली बनावट दस्तऐवजांची तक्रार दिली आहे. ज्या सीएंचे नाव आणि सदस्य क्रमांक त्या १५सीबीवर छापले होते, त्यांना या प्रकाराची गंधवार्ताही नव्हती. त्यांनी स्वतंत्र तक्रार केली. रोख दिलेल्या रकमेची पावती नसली तरी भावाने त्याच दिवशी बँकेतून पैसे काढल्याच्या नोंदी आणि सल्लागाराचे व्हॉट्सअॅपवरील निरोप आम्ही जपून ठेवले होते आणि ते तपासात उपयोगी पडत आहेत.

दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी आलेल्यांनी सुट्टीतली दहा मिनिटे काढून स्वतःच्या ई-फायलिंग खात्यात नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल आपलाच आहे ना, आणि मागील वर्षांच्या विवरणपत्रांत निवासाच्या रकान्यात काय लिहिले आहे, एवढे पाहावे. १ एप्रिल २०२६ ही आयकर अधिनियम, २०२५ च्या अंमलाची तारीख आहे. निवासाचे हिशेब त्यातही मूलतः तेच ठेवलेले आहेत, तेव्हा नव्या कायद्यामुळे एनआरआय फाइल नव्याने रजिस्टर करावी लागेल असे सांगून कोणी पैसे मागू लागला तर त्याला कागदोपत्री आधार मागावा. ज्यांच्याकडे डीआयएन नसलेली नोटीस किंवा १८ हून कमी अंक-अक्षरांचा यूडीआयएन असलेले प्रमाणपत्र असेल, त्यांनी ते फाडून टाकू नये. मूळ कागद आणि पैसे दिल्याचा जो काही पुरावा असेल तो घेऊन पोलिसांकडे जावे. आमच्या प्रकरणाचा तपास चालू आहे आणि त्यात आणखी तक्रारदारांचे जबाब नोंदवून घेतले जात आहेत.