गिअरबॉक्स उत्तम, पण डिपस्टिक का काढली? स्लिपिंग आणि दुरुस्तीनंतरचा अनुभव

गाडीचा गिअरबॉक्स सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत पुढे देणारा) ऑटोमॅटिक, 'ऑइल बदलायची गरज नाही' म्हणून विकलेला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम उसळायचा आणि वेग तिथल्या तिथे. सर्व्हिस सेंटरचं निदान एका वाक्याचं: गिअरबॉक्स बदला. तरी खरा राग स्लिपिंगचा (गिअर पक्का न पकडता घसरण्याचा) नाही, डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) न देण्याचा आहे.

स्लिप झालं की आधी ऑइलची पातळी बघायची. ऑइल कमी असलं की पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच पॅक (गिअर पकडून ठेवणाऱ्या प्लेटांचे संच) पुरते आवळले जात नाहीत. डिपस्टिक असती तर हे दोन मिनिटांत कळलं असतं. इथे गाडी सपाट पातळीत उचला, इंजिन आयडलवर ठेवा, ब्रेक दाबून सिलेक्टर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवा, परत 'पी'वर आणा आणि स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) ऑइलचं तापमान बघत बसा. ठरलेल्या तापमानाला (बऱ्याच गिअरबॉक्सना ४० अंशांच्या आसपास, पण आपल्या मॅन्युअलातला आकडाच पाळावा) लेव्हल प्लग (पातळी तपासायचं बूच) उघडायचा. बारीक धार येऊन ती थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर ऑइल कमी. हेच ६० अंशांवर केलं तर फुगलेलं ऑइल बाहेर येतं, भरलेलं आहे असं वाटतं आणि गिअरबॉक्स कमी ऑइलवर चालत राहतो. थंड असताना भरलं तर उलट, जास्त होतं. मग फेस होतो आणि फेसानेही स्लिप होतं. एवढा खटाटोप एका पट्टीची बचत करण्यासाठी!

स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडचं म्हणाल तर पी०७०० हा फक्त निरोप्या, गिअरबॉक्समध्ये काहीतरी बिघडलंय एवढंच सांगणारा, त्यावरून काही ठरवू नये. पी०७३१ ते पी०७३५ अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या गिअरचं गुणोत्तर चुकल्याचे. एकाच गिअरला स्लिप असेल तर त्या गिअरचा क्लच किंवा सोलेनॉइड (ऑइलचा प्रवाह सांभाळणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बघायचा, सगळ्यांत असेल तर ऑइल, फिल्टर, पंप. हलक्या थ्रॉटलवर एकसारख्या वेगात थरथर येते आणि ब्रेकला जरासा स्पर्श करताच थांबते, तर बहुधा लॉकअप क्लचचा (कन्व्हर्टरमधला, इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) दोष. त्याला स्लिपिंग समजून गिअरबॉक्स उघडू नये.

गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन काढल्यावर त्यातल्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असणारच. धातूचे कपचे किंवा क्लच प्लेटचे काळे तुकडे दिसले, ऑइल जळकट वासाचं असलं, तर नवीन ऑइलवर पैसे घालवू नका, प्लेटा संपल्यात. इथे लेपच होता. एकदा ड्रेन केल्यावर निम्मंही ऑइल निघत नाही, उरलेलं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून मधे गाडी चालवून तीनदा ड्रेन-फिल. ऑइल मॅन्युअलातल्या ग्रेडचंच, 'सगळ्यांना चालतं' लिहिलेलं नाही.

एवढ्यावर थंड गाडीतलं स्लिपिंग गेलं आणि मत बनलं की काम झालं. ते फार टिकलं नाही. गर्दीत ऑइल तापलं की तिसऱ्यात जाताना आरपीएम पुन्हा उसळू लागला. मग प्रेशर गेज लावला. थंड असताना दाब योग्य, गरम झाल्यावर कमी. गरम ऑइल पातळ होऊन झिजलेल्या व्हॉल्व्ह बोअरमधून (व्हॉल्व्ह सरकतात त्या भोकांमधून) गळतं, त्याचं हे लक्षण. दाब शेवटपर्यंत नीट राहून स्लिप झालं असतं तर संशय प्लेटांवर किंवा पिस्टनच्या सीलवर गेला असता.

व्हॉल्व्ह बॉडी (हे व्हॉल्व्ह ज्यात असतात तो ठोकळा) सोलेनॉइडसकट बदलली, स्कॅनरने जुनं अ‍ॅडाप्टेशन (गिअरबॉक्सच्या संगणकाने झीज ओळखून शिकलेली जुळवणी) पुसलं आणि पुन्हा शिकवलं. ही पायरी गाळली तर नवीन भागावर जुन्या भागाची जुळवणी लागू होते आणि गिअर झटक्याने पडतात. आता काही महिने झाले. शिफ्ट मऊ, चढावर उसळी नाही, गिअरबॉक्सबद्दल तक्रार उरलेली नाही. लेव्हल प्लगबद्दल मात्र आहे तशीच.

जे स्वतः करणार असतील त्यांनी ड्रेन उघडण्याआधी फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) सुटतो का ते तपासा. तो जाम असेल आणि ऑइल आधीच काढून टाकलं असेल, तर गाडी ओढूनच न्यावी लागेल.